दिव्यांग प्रमाणपत्र नाकारले, अनुदान नामंजूर झाले: अपिलाच्या सुनावणीत काय होते आणि तयारी कशी करावी?

गुऱ्हाळाच्या चरकात डाव्या हाताची बोटे गेलेला एक कामगार मागे आमच्याकडे आला होता. त्याचा एक डोळा लहानपणीच गेलेला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज नामंजूर झाला म्हणून त्याला ‘तहसीलदारांवर अपील’ करायचे होते. कागद पाहिल्यावर लक्षात आले की नकार तहसीलमधून आला असला तरी अडचण तिथे नव्हती. त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर फक्त हाताचे 20 टक्के लिहिले होते. डोळ्याची तपासणी त्याने करूनच घेतली नव्हती, कारण ‘हाताचे प्रमाणपत्र हाताच्या डॉक्टरकडे’ एवढेच त्याला कोणीतरी सांगितले होते. तो तहसीलला अपील करत बसला असता तर वर्ष गेले असते आणि हाती काही आले नसते.

कोल्हापूर जिल्ह्यात काम करताना अशी प्रकरणे आम्हाला वारंवार भेटतात. माणसाचा हक्क खरा असतो, पण तो चुकीच्या दारात, चुकीचा कागद घेऊन उभा असतो. म्हणून वस्तीत, विहारात, गावात लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी ठरवा: नकार कोणी दिला?

दिव्यांगांच्या लाभात साधारणपणे दोन वेगळे निर्णय असतात.

पहिला निर्णय वैद्यकीय. अपंगत्व आहे का, कोणत्या प्रकारचे आणि किती टक्के, हे सरकारने नेमलेले वैद्यकीय प्राधिकारी ठरवतात. आपल्याकडे बहुतेकांचा संबंध कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाशी, म्हणजे सीपीआरशी येतो. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि त्यावरूनच प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड मिळते.

दुसरा निर्णय प्रशासकीय. प्रमाणपत्र हातात असताना अनुदान, सवलत किंवा निधी द्यायचा की नाही, हे तहसील, समाजकल्याण विभाग, ग्रामपंचायत किंवा महापालिका ठरवते. इथे उत्पन्न, रहिवास, वय, कागदपत्रे पाहिली जातात.

टक्केवारी चुकली असेल तर तहसीलला सांगून उपयोग नाही, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरून अर्ज अडला असेल तर डॉक्टर काही करू शकत नाहीत.

तिसरा प्रकार असा की ज्यात अपिलाची गरजच नसते. आधार बँक खात्याला जोडलेले नाही, हयातीचा दाखला दिला नाही, नावात फरक आहे, या कारणांनी चालू अनुदान थांबते. तिथे आधी संजय गांधी शाखेत लेखी अर्ज देऊन थांबण्याचे कारण विचारावे. बऱ्याचदा कागद दुरुस्त केला की काम होते.

40 टक्क्यांची रेघ

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले. 1995 च्या जुन्या कायद्यात ते 7 होते. यातील बहुतेक मोठे लाभ 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाला मिळतात. सरकारी नोकरीतील 4 टक्के आणि उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षण याच रेघेवर अवलंबून आहे. संजय गांधी योजनेतही दिव्यांगांसाठी 40 टक्क्यांचीच अट आहे. ऑक्टोबर 2025 पासून या योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा 1,500 ऐवजी 2,500 रुपये देण्याचा निर्णय झाला. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी मात्र 80 टक्क्यांची अट आहे. म्हणजे 39 आणि 40 मधला एक आकडा घरातल्या चुलीपर्यंत पोचतो.

एकापेक्षा अधिक अपंगत्व असेल तर टक्के नुसते बेरजेने मिळवत नाहीत. केंद्राच्या मूल्यमापन सूचनांत यासाठी सूत्र दिले आहे. मोठी टक्केवारी ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरली, तर ‘ब’ला (90 वजा अ) ने गुणायचे, 90 ने भागायचे आणि आलेली संख्या ‘अ’मध्ये मिळवायची. डोळ्याचे 30 आणि हाताचे 20 असतील तर 20 गुणिले 60, भागिले 90, म्हणजे सुमारे 13. एकूण 43 टक्के. बेरीज केली तर 50 होतील, पण तसे होत नाही. आणि डोळा तपासलाच नाही तर 20 च राहतात. वर सांगितलेल्या कामगाराला आम्ही अपील करायला लावले नाही, दोन्ही अपंगत्वांचा नव्याने अर्ज करायला लावला. मंडळाने दोन्ही अपंगत्वे पाहूनही एकच धरले असते, तर मात्र ते अपिलाचे प्रकरण झाले असते.

नकार लेखी घ्या

‘बसत नाही’, ‘वरून आले नाही’, ‘पुढच्या वेळी या’ हे निर्णय नव्हेत. तोंडी नकारावर अपील होत नाही. प्रमाणपत्र नाकारायचे असेल तर कारणे लेखी कळवावीत, असे केंद्राच्या नियमांतच आहे. ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राच्या अर्जावर निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. म्हणून अर्जाची पोच आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. मुदत तिथूनच मोजली जाते.

लेखी कारण मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. स्वतःच्या प्रकरणातील तपासणी अहवाल, कार्यालयीन टिपणी आणि समितीच्या बैठकीचे इतिवृत्त यांच्या प्रती मागा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. उत्तरासाठी मुदत 30 दिवसांची. मात्र माहितीची वाट पाहत अपिलाची मुदत जाऊ देऊ नका. अपील आधी दाखल करा आणि ‘कागद मिळाल्यावर जादा म्हणणे सादर करू’ असे त्यात लिहा.

उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखलाच अडला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 लागू होतो. मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा नाकारल्यास 30 दिवसांत त्याच विभागातील वरिष्ठांकडे पहिले अपील, नंतर दुसरे अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते.

अपील अर्जात काय असावे

प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क 2016 च्या कायद्याच्या कलम 59 मध्ये आहे. राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे ते करायचे असते. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे निर्णय देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा आणि पोच घ्या. योजनेच्या नामंजुरीबाबतही हेच करा.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात पाच गोष्टी हव्यात:

- कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या निर्णयाविरुद्ध अपील आहे.
- निर्णयात नेमके काय चुकले: एखादे अपंगत्व तपासले नाही, जुना अहवाल धरला, आधीचे प्रमाणपत्र पाहिले नाही, कारण दिले नाही.
- त्याला आधार देणारा कागद कोणता.
- काय हवे: फेरतपासणी, विशिष्ट तज्ज्ञाची तपासणी, की निर्णय रद्द करणे.
- सुनावणीला कोणत्या सुविधा लागतील.

‘आम्ही अत्यंत गरीब आहोत, दया करावी’ ही ओळ अर्जात लिहू नका. उत्पन्न सांगायचे तर दाखला जोडा. अपील हा हक्क आहे, विनंती नव्हे.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणी म्हटले की लोकांना सिनेमातले कोर्ट आठवते. प्रत्यक्षात तसे काही नसते.

वैद्यकीय अपिलात मुख्य काम पुन्हा तपासणीचे असते. डॉक्टर अहवाल पाहतात, हालचाल, दृष्टी, श्रवण किंवा गरजेप्रमाणे अन्य चाचण्या करतात, काही प्रश्न विचारतात. आम्ही सोबत गेलो तेव्हा प्रत्यक्ष भेट बहुतेक वेळा काही मिनिटांतच संपली आणि थांबणे मात्र दिवसभराचे झाले. टक्केवारी वाढू शकते, तीच राहू शकते आणि कमीही होऊ शकते. हे घरच्यांना आधीच सांगा.

प्रशासकीय अपिलात अधिकारी समोर बसतात, नाव पुकारले जाते, तुमचे म्हणणे विचारले जाते, आणि कार्यालयाच्या वतीने कोणी फाईल वाचून दाखवते. झालेल्या कामकाजाची नोंद होते आणि त्यावर सही घेतली जाते. वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आपण बोललेली महत्त्वाची गोष्ट त्यात नसेल तर लेखी म्हणणे देऊन पोच घ्या. निकाल त्याच दिवशी मिळेलच असे नाही, बहुधा तो नंतर कळवतात. तारीख पुढे गेली तर पुढची तारीख लिहून घ्या.

पिशवीत काय हवे: सर्व मूळ कागद, दोन संच झेरॉक्स, जुने केसपेपर आणि एक्स-रे, आधार, फोटो, चालू औषधे, पाणी, भाकरी. चंदगड, आजरा, शाहूवाडीकडून येणाऱ्याने पहिल्या एसटीवर भरवसा ठेवण्यापेक्षा शक्य असल्यास आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्कामाला यावे. 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र आधीच असेल तर एसटीत 75 टक्के सवलत मिळते.

काय बोलायचे, काय टाळायचे

आपली माणसे अधिकाऱ्यासमोर एक तर गप्प बसतात किंवा ‘चाललंय साहेब, बरं आहे’ म्हणतात. मोठ्या माणसापुढे रडगाणे गायचे नाही, ही सवय. पण इथे ती नडते. त्रास फुगवून सांगायचा नाही आणि लपवायचाही नाही. काम सांगायचे: ‘बादली उचलता येत नाही’, ‘दहा पायऱ्या चढलो की थांबावे लागते’, ‘शर्टाची बटणे बायको लावते’, ‘आठवड्यातून दोनदा झटका येतो, शेवटचा अमुक तारखेला आला’. मानसिक आजारात किंवा कमी-जास्त होणाऱ्या दुखण्यात हे फार महत्त्वाचे, कारण तपासणीच्या दिवशी माणूस ठीक दिसू शकतो. महिनाभराची साधी वही ठेवा. तारीख, काय झाले, कोणी मदत केली, एवढे पुरे.

खोटे बोलायला किंवा खोटा कागद आणायला कोणालाही सांगू नका. फसवणुकीने लाभ घेतल्यास कलम 91 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देणारा माणूस स्वतःच अडकतो.

सुविधा मागणे हाही हक्क

कलम 12 नुसार न्यायिक वा अर्धन्यायिक अधिकार असलेल्या प्राधिकरणापुढे दिव्यांग व्यक्तीला भेदभावाशिवाय दाद मागता आली पाहिजे. म्हणून सांकेतिक भाषेचा दुभाषी, तळमजल्यावर सुनावणी, चाकाची खुर्ची, सोबत माणूस, मोठ्या अक्षरांतील कागद यांची मागणी तारखेच्या आधीच लेखी करा. एका सुनावणीला मूकबधिर मुलीच्या वतीने तिचा भाऊच सगळे बोलला, तिला काही विचारलेच गेले नाही. दुभाषी मागितला असता तर ती स्वतः बोलली असती. ती चूक आमचीही होती.

निकाल विरुद्ध गेला तर

राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. हक्क डावलल्याची तक्रार तिथे करता येते. चौकशीसाठी कागद मागवणे, साक्षीदार बोलावणे यांबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते संबंधित विभागाला शिफारस करतात.

त्यानंतर उच्च न्यायालय. ओंकार गोंड या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 15 ऑक्टोबर 2024 रोजी सविस्तर निकाल दिला. तिथे प्रश्न उलटा होता: अपंगत्व ‘जास्त’ म्हणून एमबीबीएसचा प्रवेश अडला होता. न्यायालय म्हणाले की नुसत्या टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही. माणूस तो अभ्यासक्रम करू शकतो का, हे मंडळाने तपासावे आणि कारणे नोंदवावीत. अपील मंडळ नेमले जाईपर्यंत प्रतिकूल मताला न्यायालयात आव्हान देता येईल, असेही सांगितले. हा निकाल प्रवेशाबाबतचा आहे, तो प्रत्येक अनुदानाला तसाच लागू होत नाही. पण कारण न देता दिलेला आकडा पुरेसा नाही, हा मुद्दा आपल्या अर्जातही मांडता येतो.

पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले आहे. वकिलाच्या फीची भीती असेल तर लक्षात ठेवा: दिव्यांग व्यक्ती, महिला आणि अनुसूचित जातीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जातीचा दाखला असलेले बौद्धही त्यात येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे

प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. त्यात नाव, अर्जाचा क्रमांक, अर्जाची तारीख, नकाराचे लेखी कारण आणि पुढची तारीख असे पाच रकाने आखा. सुनावणीला एकट्याला पाठवू नका, कोणीतरी सोबत जा. तिथे आपण बोलायचे नाही, ज्याचा हक्क आहे त्याला बोलू द्यायचे. तो अडखळला तर फक्त योग्य कागद त्याच्या हातात द्यायचा.

गुऱ्हाळातल्या त्या कामगाराला नव्या तपासणीनंतर 43 टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले. आता त्याने तहसीलला नव्याने अर्ज केला आहे. या वेळी पोच त्याने स्वतः मागून घेतली.