टिंबामागचे बिऱ्हाड

युनिक्सवर काम करणाऱ्याच्या सगळ्या सवयी टिंबाने सुरू होणाऱ्या छोट्या फायलींत, म्हणजे डॉटफायलींत, राहतात. शेलची वेगळी, एडिटरची वेगळी. यादीत त्या दिसत नाहीत. हे लपणे कोणी ठरवून केलेले नव्हते. बेल लॅब्जमध्ये फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा लिहिताना ‘.’ (चालू डायरेक्टरी) आणि ‘..’ (तिच्या वरची) या दोनच नोंदी गाळायच्या होत्या, पण सोपा मार्ग धरल्याने टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव गाळले गेले. बेल लॅब्जमध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकीकत लिहिली ती चूक म्हणूनच. त्यांची तक्रार खरी आहे: लपवता येते म्हटल्यावर प्रत्येक प्रोग्रामने होम डायरेक्टरीत आपली अडगळ आणून टाकली. तरीही ही चूक फळली, असे माझे मत आहे. सेटिंग्ज वापरणाऱ्याच्या घरातच, साध्या मजकुरात राहिल्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत त्या इतर प्रोग्रामांच्या नोंदींशी अशा गुंतल्या, की आपल्यापुरत्या वेचून नेणे अवघड झाले.

नेण्याची गरज मात्र पुढे पडली. एका मोठ्या यंत्रावर अनेकजण काम करत, तेव्हा घर एकच होते. १९८३ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथेनात यंत्रे पुष्कळ होती, पण घर सर्व्हरवर. कुठेही बसा, आपली मांडणी समोर यायची. प्रत्येक यंत्राला स्वतःची डिस्क आणि स्वतःचे होम मिळाले, तेव्हा ही सोय मोडली आणि विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर आले. १९९६ च्या आरसिंक या प्रोग्रामने प्रती पाठवणे सोपे केले. पण दोन्हीकडे बदललेल्या फाइलचे काय करायचे? त्याचे एक सोयीचे उत्तर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या २००५ च्या गिटमध्ये मिळाले, आणि २००८ मध्ये असे संग्रह ठेवणारे गिटहब हे संकेतस्थळ आल्यावर डॉटफायलींचा संग्रह ठेवण्याची रीत पसरली.

क्लाउडमधले एखादे फोल्डर पुरणार नाही का, असे कोणी विचारेल. सगळी यंत्रे सारखी असती तर पुरले असते. ऑफिसच्या यंत्रावरचा ईमेल पत्ता घरच्या यंत्रावर नको असतो. नुसती नक्कल हा फरक पुसते. गिटमध्ये तो वेगळ्या शाखेत जपता येतो, आणि एखादी ओळ कधी, का बदलली याची नोंदही राहते. यापेक्षा वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे: खुल्या संग्रहांत लोकांनी नकळत पासवर्ड आणि खासगी किल्ल्या ठेवल्या आहेत. इथे गिटचा गुणच अंगाशी येतो, कारण ओळ पुसली तरी ती जुन्या नोंदींत शिल्लक राहते. अशा वेळी किल्लीच बदलावी लागते.