पोर्शे ९११ : चाकांच्या रुंदीचा दहा वर्षांचा हिशेब

१९६४ साली विक्रीला आलेल्या पोर्शे ९११ च्या चाकांची रुंदी अवघी साडेचार इंच होती. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ या मॉडेलची मागची चाके सात इंचांची होती. मधली नऊ-दहा वर्षे रुंदी टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आज जुन्या ९११ ला चाके-टायर निवडणारे बरेच जण यातून सोयीचा अर्थ काढतात : कारखानाच रुंदीकडे चालला होता, मग आपण त्याच वाटेने दोन पावले पुढे गेलो तर बिघडले कुठे? पण तोच इतिहास बारकाईने पाहिला तर मला उलटे दिसते. पोर्शेने चाक एकटे रुंद केले असे सहसा घडले नाही. प्रत्येक मोठ्या टप्प्याला गाडीतले आणखी काहीतरी बदलले, आणि योग्य चाक कोणते हे त्या ‘आणखी काहीतरी’वर ठरते.

९११ चे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे. त्यामुळे वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. सुरुवातीच्या काही गाड्यांत हे आवरायला पुढच्या बंपरच्या दोन टोकांत सुमारे ११-११ किलोचे ओतीव लोखंडाचे तुकडे बसवले होते. इतक्या देखण्या गाडीत असा उपाय करावा लागला, यावरून अडचण किती खरी होती ते कळते. खरा इलाज १९६८ च्या उन्हाळ्यानंतर, म्हणजे १९६९ च्या मॉडेलांत झाला. मागची चाके मागे सरकवून व्हीलबेस २,२११ वरून २,२६८ मिलिमीटर केला, आणि एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. त्याच वर्षी ९११ एसला सहा इंची चाके आणि १८५/७० टायर (१८५ मिलिमीटर रुंद, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के) मिळाले, आणि मडगार्डच्या कमानीही किंचित फुगल्या. हे सारे एकाच वर्षी आले, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पुरावा आहे. आरएसमध्येही तसेच झाले. १८५/७० टायर पुढे राहिले, २१५/६० फक्त मागे आले, आणि मागच्या कमानी त्यासाठी वेगळ्या रुंद केल्या. जिथे वजन होते तिथेच रबर वाढवले.

आणखी एक गोष्ट आकड्यांतून निघते. मूळ टायर होता १६५ एचआर १५. त्या काळच्या मापात बाजूच्या भिंतीची उंची लिहीत नसत. ती रुंदीच्या साधारण ८० टक्के धरतात. त्या हिशेबाने टायरचा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर येतो. १८५/७० चा येतो ६४०, आणि २१५/६० चा ६३९. रुंदी ५० मिलिमीटरने वाढली, पण व्यास जवळपास जागचा हलला नाही. व्यास बदलला की गिअरचे प्रमाण, स्पीडोमीटर, गाडीची जमिनीपासूनची उंची आणि तिच्याबरोबर सस्पेन्शनचे कोन, सगळेच हलते. पुढे ९११ टर्बोला पिरेलीचे पी ७ हे बुटके टायर पंधरा इंची रिमवर आले तेव्हा व्यास खरोखर घटला; पण त्यानंतर टर्बोची रिम सोळा इंचांची झाली आणि २०५/५५ व २२५/५० टायरांमुळे तो पुन्हा ६३० च्या वर गेला. म्हणून माप निवडताना व्यास आधी पाहावा, रुंदी नंतर.

यावर एक आक्षेप जोरदार आहे आणि तो टाळता येणार नाही. १९६७ ची ९११ आर आखूड व्हीलबेसचीच होती, तरी तिला पुढे सहा आणि मागे सात इंची चाके खुद्द कारखान्याने लावली. मग आपण का नको? कारण ती गाडी सुमारे ८०० किलोची, फायबरग्लासचे भाग वापरून हलकी केलेली आणि शर्यतीसाठी मोजक्याच संख्येने बांधलेली होती. तिच्या कमानीही त्या चाकांसाठी रुंद केल्या होत्या. म्हणजे अपवादातही चाकापाठोपाठ गाडी बदललेलीच आहे. रस्त्यावरच्या ९११ ला नुसती चाके रुंद केली की पकड वाढते हे खरे, पण पकड सुटते ती अधिक वेगाला आणि बहुधा कमी सूचना देऊन. अरुंद, उंच भिंतीचा १६५ चा टायर आधी हळूच घसरायला लागतो आणि स्टिअरिंगमधून ते हाताला कळते. आखूड ९११ ला ती आगाऊ सूचना फार गरजेची आहे.

नुसत्या रुंदीवर विसंबणे किती फसवे आहे, हे फुक्सच्या चाकांत दिसते. माइनर्ट्झहागेनच्या ओटो फुक्स कंपनीची घडीव अ‍ॅल्युमिनियमची, पाच पाकळ्यांची ही चाके १९६६ मध्ये ९११ एसबरोबर आली. त्यांतली सात इंची दोन चाके शेजारी ठेवली तर लांबून फरक कळत नाही. उलटी करून पाहिली की हबवर टेकणारा सपाट भाग वेगवेगळ्या खोलीवर दिसतो. एकाचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून या सपाट भागाचे अंतर, ४९ मिलिमीटर, नंतरच्या रुंद कमानींच्या गाड्यांसाठी केलेल्या दुसऱ्याचा २३.३. म्हणजे दुसरे चाक जवळजवळ २६ मिलिमीटर बाहेर बसते. ते अरुंद कमानीत घातले तर टायर मडगार्डला घासतो आणि बेअरिंगवरचा तरफेचा भारही वाढतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे : मूळपणाच हवा तर टायरही त्याच काळचा का नको? तो नकोच. रबर वापरले नाही तरी कडक होते, आणि मूळ टायर म्हणून जपलेला चाळीस वर्षांपूर्वीचा टायर रस्त्यावर धोकादायक असतो. २००० सालापासूनच्या टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खरेदीपूर्वी तेवढे वाचलेच पाहिजे. पिरेली आणि मिशेलिन जुन्या मापांत, जुन्या नक्षीचे टायर आज नव्याने बनवतात, त्यामुळे जुने माप आणि ताजे रबर यांत निवड करावी लागत नाही. १९६८ च्या मॉडेलापर्यंतच्या आखूड ९११ ला मी साडेचार किंवा फार तर साडेपाच इंची रिम आणि १६५ चाच टायर सुचवीन. १८५/७० लांब व्हीलबेसच्या गाड्यांसाठी ठेवावा, आणि २१५/६० फक्त मागच्या कमानी कारखान्यातूनच रुंद होऊन आलेल्या गाड्यांसाठी.