बाटलीवरची अक्षरे

आपल्याकडे रिकाम्या बाटलीला दुसरा जन्म लगेच मिळतो. काल जिच्यात मद्य होते, तिच्यात आज रॉकेल, नाही तर गोडेतेल. मुंबईत या धंद्यावरून 'बाटलीवाला' हे आडनावही रूढ झाले. तेव्हा 'ही बाटली विकण्यास वा पुन्हा वापरण्यास कायद्याची मनाई आहे' असे खुद्द काचेतच लिहिलेले पाहून आपल्याला हसू येईल. अमेरिकेत हे लिहिणे मात्र सक्तीचे होते.

तेथे जानेवारी १९२० मध्ये दारूबंदी अमलात आली, ती ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. मधल्या काळात चोरट्या भट्ट्या फोफावल्या. नामांकित बाटली मिळवावी आणि तीत भलतेच काही भरून विकावे, हा सोपा धंदा होता. त्यात पिणाऱ्याचा जीव जाई. बंदी उठल्यावर सरकारचा करही बुडू लागला असता. म्हणून १९३५ पासून मद्याच्या बाटलीवर हे वाक्य उठावाच्या अक्षरांत घालावे लागले. कागदी चिठ्ठी भिजवून काढता येते. साच्यात कोरलेले अक्षर काचेतून कोण काढणार? ही सक्ती १९६४ मध्ये संपली. जुने साचे पुढेही काही काळ चालले, हे ध्यानात ठेवले की वर्षाचा आकडा नसलेली ही बाटली आपला काळ बऱ्यापैकी सांगते.

याउलट जिच्यावर आकडा आहे, तिने मोठमोठ्यांना चकविले! फिलाडेल्फियाचे व्यापारी ई. जी. बूझ यांची व्हिस्कीची बाटली ओंडक्यांच्या झोपडीच्या आकाराची असून तिच्या छपरावर १८४० हे साल आहे. त्याच साली विल्यम हेन्री हॅरिसन यांची निवडणूक अशाच झोपडीच्या प्रतीकावर गाजली होती. मग काय, बाटली त्या निवडणुकीतली ठरली, आणि मद्याला इंग्रजीत 'बूझ' म्हणतात तेही या गृहस्थांवरून, असे सांगितले जाऊ लागले. वास्तविक तो शब्द त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. बाटलीवर दुकानाचा पत्ताही आहे. शहराच्या जुन्या नामसूचींशी तो ताडून पाहिला, तेव्हा बाटली १८६०च्या आसपासची ठरली. ती न्यू जर्सीतील ग्लासबरोच्या व्हिटनी कारखान्यात बनली होती. आम्हांला या शोधात गंमत वाटते ती ही, की उत्तर काचेत नव्हते, एका रूक्ष यादीत होते.

काचही अगदीच मुकी नसते म्हणा. साच्याची शिवण गळ्यावर विरून गेली असेल, तर बाटलीचा ओठ बहुधा हाताने घडविलेला असतो. ती थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्रानंतर, म्हणजे १९०३ नंतर, अशा बाटल्यांचा पूर आला. पण येथेही सावध राहावे लागते. बूझच्या झोपडीच्या नकला न्यू जर्सीतच क्लेव्हेंजर बंधूंनी १९३०च्या दशकापासून तोंडाने फुंकून बनविल्या. त्या आता स्वतःच जुन्या झाल्या आहेत, आणि लोक त्याही जमवतात.