पंख न हलवता गिधाड वर कसं जातं? हँग ग्लायडरचा पायलट थर्मलमध्ये उडायला कसा शिकतो?

उन्हाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमाराला गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्ली परिसरात आकाशाकडे पाहिलं, तर घारी गोल गोल फिरत वर चढताना दिसतात. नशीब असेल तर गिधाडंही दिसतात. पंख पसरलेले असतात, पण हलत नाहीत. थोड्या वेळात पक्ष्याचा ठिपका होतो.

इंजिन नसलेला हँग ग्लायडर तासनतास हवेत राहतो, तो याच युक्तीवर. 3 जुलै 2012 रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या झपाटा इथून उडालेल्या डस्टिन मार्टिन यांनी एकाच उड्डाणात 764 किलोमीटर अंतर कापलं. त्यांच्याबरोबर उडणारे ऑस्ट्रेलियाचे जॉनी ड्युरँड 761 किलोमीटरवर उतरले. दोघांकडेही इंधनाचा एक थेंब नव्हता. त्यांना वर नेत होती ती फक्त तापलेली हवा.

ही हवा दिसत नाही. त्यामुळे थर्मलमध्ये उडायला शिकणं म्हणजे न दिसणारी गोष्ट शोधायला, वापरायला आणि वेळेवर सोडायला शिकणं.

थर्मल म्हणजे नेमकं काय?

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन तिच्यावरची हवा तापवते. पण सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेलं कोरडं शेत, खडकाळ माळ, डांबरी रस्ता, नदीतली वाळू पटकन तापते. ओली भातखाचरं, तलाव आणि दाट हिरवं जंगल हळू तापतं.

जास्त तापलेली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी होते, जमिनीपासून सुटते आणि वर जाऊ लागते. हा वर जाणारा प्रवाह म्हणजे थर्मल. त्याची छोटी आवृत्ती सगळ्यांनी पाहिलेली असते: उन्हाळ्यात माळावर उठणारी वावटळ. धूळ आणि पालापाचोळ्यामुळे तिथे हवेचं वर चढणं डोळ्यांना दिसतं.

वर जाताना हवा पसरते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे 9.8 अंश सेल्सिअसने थंड होते. जोपर्यंत ती भोवतालच्या हवेपेक्षा उबदार आहे, तोपर्यंत ती चढत राहते.

आलापल्लीच्या जमिनीवर थर्मल कुठे शोधायचा?

आलापल्ली अहेरी तालुक्यात, सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध. इथल्या जुन्या जंगलाचा ‘वनवैभव’ नावाचा तुकडा 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला.

साग पानगळीचा वृक्ष. उन्हाळ्यात त्याच्या फांद्या उघड्या पडतात आणि ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचतं. म्हणून एप्रिलमधलं जंगल आणि ऑगस्टमधलं जंगल हवेच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा आहेत. पावसाळ्यात ओली जमीन आणि भरगच्च पानं बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च करतात.

पायलट अशा प्रदेशात सीमारेषा शोधतो: जंगल संपून शेत सुरू होतं ती कड, गावाची पत्र्याची छपरं, टेकडीचा उन्हाकडचा उतार. अहेरीजवळून वाहणाऱ्या प्राणहितेच्या पात्रात उन्हाळ्यात कोरडी वाळू आणि पाणी शेजारी शेजारी असतात. अशा जागी तापमानातला फरक मोठा असतो. संध्याकाळी चित्र उलटतं. मोकळी जमीन लवकर निवते, तर जंगलात साठलेली ऊब हळूहळू वर सुटते. ही चढती हवा सौम्य असते.

थर्मल किती उंच जाईल?

यासाठी एक साधा हिशेब आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक 125 ने गुणला की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये अंदाजे मिळते.

समजा हिवाळ्यात दुपारी तापमान 30 अंश आणि दवबिंदू 16 अंश आहे. फरक 14, म्हणजे ढगाचा तळ सुमारे 1,750 मीटरवर. एप्रिलमध्ये तापमान 42 आणि दवबिंदू 18 असेल, तर फरक 24, म्हणजे सुमारे 3,000 मीटर. कापसाच्या पुंजक्यासारखा, सपाट तळाचा पांढरा ढग हा थर्मलचा माथा असतो. हवा फारच कोरडी असेल तर ढग होत नाही, पण थर्मल तरीही असतो. अशा दिवशी तो शोधणं जास्त अवघड जातं.

हँग ग्लायडर वळतो कसा?

पॅराग्लायडर कापडी छत्रीसारखा असतो आणि पायलट खाली बसलेला असतो. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असलेला त्रिकोणी पंख असतो आणि पायलट त्याखाली पोटावर आडवा लटकतो.

या लवचिक पंखाची कल्पना अमेरिकेच्या फ्रान्सिस रोगॅलो यांची. नासाने पुढे अवकाशयान जमिनीवर उतरवण्यासाठी तिच्या चाचण्या घेतल्या. पायलटच्या हातातली त्रिकोणी चौकट आज दिसते तशी वापरात आणली ऑस्ट्रेलियाच्या जॉन डिकन्सन यांनी, 1963 मध्ये.

सुकाणू म्हणजे पायलटचं स्वतःचं वजन. शरीर डावीकडे सरकवलं की ग्लायडर डावीकडे कलतो. आडवी दांडी छातीकडे ओढली की वेग वाढतो, पुढे ढकलली की कमी होतो. ती फार ढकलली तर पंखावरून हवा नीट वाहत नाही आणि ग्लायडर खाली कोसळू लागतो. शिकणारा आधी लहान उतारावर सरळ उड्डाण आणि उतरणं पक्कं करतो. मग डोंगराला अडून वर चढणाऱ्या वाऱ्यावर उडतो. थर्मलची पाळी त्यानंतर येते.

थर्मल सापडल्यावर काय करायचं?

ग्लायडर भोवतालच्या हवेतून सतत खालीच येत असतो, सेकंदाला साधारण एक मीटर. हवा सेकंदाला तीन मीटरने वर जात असेल तर निव्वळ चढ दोन मीटरचा. या वेगाने 1,000 मीटर चढायला आठ-साडेआठ मिनिटं लागतात. चढ-उतार मोजणारं व्हेरिओमीटर नावाचं यंत्र चढताना टूट-टूट आवाज करतं. चढ वाढला की आवाज जलद होतो.

शिकवणीत पुढच्या गोष्टी येतात:

• थर्मलच्या कडेला हवा बहुधा खाली उतरत असते. अचानक उंची घटू लागली तर जवळपास थर्मल असू शकतो. तिथे वेग कमी करायचा नाही.
• एक पंख आपोआप वर उचलला गेला, तर थर्मल त्या बाजूला आहे. ग्लायडर दुसरीकडे ढकलला जातो, पण वळायचं उचललेल्या पंखाकडे.
• डोंगराजवळ असताना पहिलं वळण नेहमी डोंगरापासून दूर. पूर्ण गोल फिरायला पुरेशी जागा आणि उंची असेल तरच गोल फिरायचं.
• एका फेरीत आवाज कुठे सर्वांत जलद होता ते लक्षात ठेवायचं आणि पुढची फेरी त्या बाजूला सरकवायची. यालाच गाभा पकडणं म्हणतात.
• थर्मलमध्ये आधीच कुणी फिरत असेल, तर त्याच्याच दिशेने फिरायचं.

पक्ष्यांनाही शिकावं लागतं

घारी किंवा गिधाडं फिरताना दिसली की पायलट तिकडे वळतात, कारण पक्षी म्हणजे थर्मलची खूण. पण हे कौशल्य पक्ष्यांमध्येही पूर्ण तयार उतरत नाही. इस्रायलमधल्या ग्रिफन गिधाडांवरचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. वाऱ्याने थर्मल वाहत जात असताना प्रौढ गिधाडं गाभा चांगला धरून राहत होती, तर कोवळी गिधाडं त्यात कमी पडत होती. नवशिका पायलट नेमका इथेच चुकतो.

भारतात मात्र हे शिक्षक फार कमी उरले आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरं खाणारी गिधाडं मोठ्या प्रमाणावर दगावली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून जास्त घटली. गुरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. गडचिरोली जिल्ह्यात वन विभागाने गिधाडांना सुरक्षित खाद्य मिळावं म्हणून ‘गिधाड उपाहारगृहं’ चालवली.

थर्मल कधी सोडायचा?

चढणं मोहात पाडतं, म्हणून सोडण्याचे नियम आधी शिकवले जातात.

पहिला नियम अंतराचा. थर्मल वाऱ्याबरोबर वाहतो. ताशी 15 किलोमीटर वाऱ्यात आठ मिनिटं फिरलं, तर पायलट दोन किलोमीटर दूर गेलेला असतो. शांत हवेत एक मीटर उंची गमावून आठ मीटर पुढे जाणारा शिकाऊ ग्लायडर 1,000 मीटरवरून आठ किलोमीटर जातो. पण त्याचा वेग ताशी 35 किलोमीटर असेल आणि परतताना तोच 15 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर हे अंतर साडेचार किलोमीटरवर येतं. वाटेत उतरती हवा लागली तर आणखी कमी.

दुसरा नियम ढगाचा. ढगात शिरलं की दिशा कळेनाशी होते, आणि वळवाच्या ढगाची ओढ ग्लायडरच्या हाताबाहेरची असते. फेब्रुवारी 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिला इथे जर्मनीची पॅराग्लायडर पायलट एवा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढली गेली आणि जवळपास 9,946 मीटरपर्यंत पोहोचली. ती बेशुद्ध पडली, बर्फाने गोठली, तरी वाचली. त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट हे झाँगपिन वाचला नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव उठतो. ढग उंच आणि काळा होऊ लागला की जमिनीवर असणंच बरं.

तिसरा नियम वेळेचा. भर दुपारचे थर्मल सर्वांत जोरदार आणि खडबडीत असतात. त्यात हँग ग्लायडर उलटूही शकतो, म्हणून राखीव पॅराशूट आणि हेल्मेट लागतंच. नवशिक्यांना सकाळी किंवा संध्याकाळी उडवतात.

मग आलापल्लीत शिकता येईल का?

हवा चांगली असली तरी उत्तर नाही असंच आहे. वरचा हिशेब पुन्हा पाहा: साडेचार किलोमीटरच्या आत उतरायला मोकळं मैदान हवं. खाली सलग जंगल असेल तर झाडांवर उतरण्याशिवाय पर्याय राहत नाही आणि मदत पोहोचायलाही वेळ लागतो.

महाराष्ट्रात इंजिनाशिवाय उडायला शिकण्याचं ओळखीचं ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या मावळातलं कामशेत. तिथे मुख्यतः पॅराग्लायडिंग चालतं, पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत. थर्मल ओळखण्याचे धडे दोन्हीकडे सारखेच आहेत. देशात हिमाचल प्रदेशातलं बीर-बिलिंग प्रसिद्ध आहे. 2015 मध्ये तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला.

शिकायला जाताना तीन प्रश्न विचारावेत: प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का, संस्थेची राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का, आणि उतरण्याची जागा कुठे आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उड्डाणाआधी स्वतः चालत जाऊन पाहावं.