नेत्रबिंदू, दाहरोधक
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे डोळ्यात येणारी दाहयुक्त सूज (शोथ) आटोक्यात ठेवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर घालावयाचे औषधी थेंब. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही नंतरच्या शोथामुळे दृष्टी अधू राहू शकते. म्हणून या थेंबांचा इतिहास हा मोतीबिंदू-चिकित्सेच्या इतिहासाचाच एक भाग होय.

सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदू बाजूस सारल्यानंतर डोळ्यास तूप लावून पट्टी बांधावी आणि रुग्णाने शिंकणे, खोकणे टाळावे, असे सांगितले आहे. १८ व्या शतकाच्या मध्यास झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यांनी मोतीबिंदू डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत प्रचारात आणली. तथापि शोथावर खात्रीचा उपाय पुढे दोन शतके उपलब्ध नव्हता. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी हॅरल्ड रिड्‌ली यांनी लंडन येथे डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्यास प्रारंभ केला, तेव्हाही तीव्र शोथ ही मोठी अडचण ठरली.

फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवातावर कॉर्टिसोनाचा होणारा परिणाम १९४९ मध्ये जाहीर केला. १९५० पासून नेत्रविकारांतही त्याचा उपयोग होऊ लागला व पुढे स्टेरॉइडयुक्त थेंब रूढ झाले. मात्र त्यांमुळे काही व्यक्तींत डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, तसेच जंतुसंसर्गाचा प्रतिकार मंदावतो, असे आढळून आले.

अ‍ॅस्पिरीन हे प्रॉस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. शस्त्रक्रियेच्या आघाताने डोळ्यात तयार होणाऱ्या याच द्रव्यांमुळे बाहुली आकुंचन पावते व रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो. तो जालपटलाच्या मध्यभागी (पीतबिंदूत) साचल्यास वाचनास आवश्यक अशी सूक्ष्म दृष्टी मंदावते. इंडोमेथॅसिनाच्या थेंबांनी ही सूज टाळता येते, असे जपानमधील केन्साकू मियाके यांनी १९७७ मध्ये दाखविले. त्यानंतर फ्लुर्बिप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कीटोरोलॅक इ. स्टेरॉइडेतर औषधांचे थेंब वापरात आले.

हे थेंबही सर्वस्वी निर्धोक नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांच्या स्वच्छमंडलाचे ऊतक झिजून विरघळल्याचे आढळले व डायक्लोफेनॅकाचे एक उत्पादन मागे घेण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यूरोपीय अभ्यासात मधुमेह नसलेल्या रुग्णांना दोन्ही प्रकारचे थेंब एकत्र दिल्यास पीतबिंदूची सूज अधिक चांगली टळते, असे दिसून आले. तरीही थेंबांची मात्रा व मुदत नेत्रवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावी लागते.