ससून, डेव्हिड
(१७९२–७ नोव्हेंबर १८६४). मुंबईतील बगदादी ज्यू व्यापारी व दानशूर. जन्म बगदाद येथे. दाऊद पाशाच्या जाचामुळे देशत्याग करून तो बूशहरमार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईस आला. त्याच्या वंशवृक्षाच्या संशोधनात नामांतरे ही मुख्य अडचण होय. ज्येष्ठ पुत्र अब्दुल्ला हाच पुढे सर ॲल्बर्ट झाला. द्वितीय पुत्र इलायस याने १८६७ मध्ये स्वतंत्र पेढी काढल्याने दोन ससून पेढ्यांच्या कागदपत्रांत गल्लत होण्याचा संभव असतो. इंग्रज कवी सीगफ्रीड ससून हा डेव्हिडचा पणतू. पुण्यातील सिनेगॉगालगतची त्याची समाधी व ससून रुग्णालय त्याचे औदार्य सांगतात. पेढीची हिब्रू लिपीतील अरबी पत्रे मात्र कापसाबरोबरच अफूच्या व्यापाराचीही साक्ष देतात. ही दोन्ही साधने एकत्र अभ्यासल्यासच त्याच्या चरित्राचे यथार्थ आकलन होते.