लाटव्हिया : मूळचे कोण आणि नंतरचे कोण?

मंडळी, आज आपण बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हियाकडे वळू. लोकसंख्या जेमतेम 19 लाख. पण ‘या भूमीचे मूळ लोक कोण?’ हा प्रश्न विचारला की केवढा गुंता होतो, ते इथे छान दिसतं.

बाराव्या शतकात ‘लाटव्हियन’ नावाचा एक समाज इथे नव्हताच. होते ते लाटगॅलियन, सेलोनियन, सेमिगॅलियन आणि कुरोनियन. यांच्या बोली बाल्टिक, म्हणजे आपल्या संस्कृतच्या दूरच्या नात्यातल्या. आजही लाटव्हियन भाषेत ईश्वराला ‘दिएव्स’ म्हणतात. आपला ‘देव’ आणि तो शब्द एकाच मुळाचे. किनाऱ्यालगत आणि दौगावा नदीच्या खालच्या खोऱ्यात मात्र लिव्ह लोक राहत. त्यांची भाषा एस्टोनियन-फिनिश कुळातली, अगदी वेगळी.

मग जर्मन आले. आधी व्यापारी, मागोमाग धर्मप्रचारक. बिशप आल्बर्टने 1201 मध्ये रिगा शहर वसवलं, पुढच्याच वर्षी तलवारबंद धर्मयोद्ध्यांचा संघ उभा राहिला. हे सारं आपल्याला कळतं ते हेन्री नावाच्या पाद्र्याच्या लॅटिन बखरीतून. म्हणजे बघा, जिंकलेल्यांचा इतिहास जिंकणाऱ्यांच्या लेखणीतून!

या बखरीत काउपो भेटतो. हा लिव्हांचा सरदार ख्रिस्ती झाला, रोमला जाऊन पोपला भेटला आणि 1217 मध्ये जर्मनांच्या बाजूने एस्टोनियनांशी लढताना पडला. त्याला फितूर म्हणायचं का? आपण जरा थांबू या. ‘राष्ट्र’ ही कल्पनाच ज्याच्या काळी नव्हती, त्याच्यावर राष्ट्रद्रोहाचा आरोप कसा टिकेल? एस्टोनियनांशी लिव्हांचं वैर जुनं होतं. जर्मन नवे होते. त्याने त्याच्या काळातला हिशेब केला.

पुढची कित्येक शतकं जमीन जर्मन सरदारांची आणि राबणारे स्थानिक. बहुतेक भागात भूदासपण संपलं ते 1817 ते 1819 च्या सुमारास. पूर्वेकडच्या लाटगालेत तर 1861 मध्ये. मधल्या काळात टोळ्यांतले भेद पुसट झाले. नांगरामागच्या माणसांची मिळून एक भाषा झाली, ती लाटव्हियन. लिव्हही हळूहळू तीच बोलू लागले. गंमत अशी की नकाशावर देशाचं नाव लिव्होनिया, आणि लिव्ह भाषा मात्र किनाऱ्यावरच्या मोजक्या कोळीवाड्यांपुरती उरलेली! ती मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ती 2013 मध्ये वारली.

मग लिव्ह संपले का? लाटव्हियन भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो. ही फिनिक शेजाराची, विशेषतः लिव्हांची देणगी, असं अनेक अभ्यासक मानतात. लाटव्हियाच्या 1999 च्या भाषा-कायद्यानेही लिव्ह भाषेला या भूमीची मूळ भाषा म्हणून संरक्षण दिलं आहे. तेव्हा ‘मूळचे’ आणि ‘नंतरचे’ अशी सरळ रेघ ओढू पाहणाऱ्यांना आपण एवढंच विचारावं : ही रेघ एकाच माणसाच्या जिभेवरून जात असेल, तर ती ओढायची कुठे?